छाती किती उचलायची

पिशवी कोणी दाबायची यावरून वॉर्डात भांडण चाललं होतं. एकीकडे सासरचे, देऊळघाटचे. दुसरीकडे माहेरचे, धामणगाव बढेचे. मधल्या खाटेवर कमल, मण्यार चावलेली.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं. हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर मी एकटा, आणि श्वास देणारं मशीन आम्ही फक्त ऐकून होतो. मण्यारीच्या विषानं स्नायू लुळे पडतात, श्वास थांबतो. फुप्फुसं मात्र धड असतात. विष उतरेपर्यंत कोणीतरी श्वास द्यायचा, बस. मी घशातून नळी घालून तिला रबरी पिशवी जोडली होती. ती दाबायला नर्स कुठून आणणार? नातेवाईकच पाळीपाळीनं दाबत. छाती किंचित उचलली की सोडायचं, हे तिच्या नवऱ्याला, नामदेवला, मी हात धरून शिकवलं. भाजीच्या मळ्यातला माणूस, पण हात हलका. दुपारी कमलच्या पायाचा अंगठा हलला. मला फार आनंद झाला, खोटं कशाला सांगू!

पण आमच्याकडे आजाऱ्याला प्रत्येकाचा हात लागावा लागतो. तिचा भाऊ गजानन चिडला होता.

"भावजी जोरच नाही लावून राह्यले, साहेब. माही बहीण हाये थे."

"जोर लावायचाच नाही," मी म्हणालो. त्यालाही दाखवलं.

"हाव," तो मान डोलावत म्हणाला. तेवढ्यात मला सिझेरियनला बोलावलं; पिशवी त्याच्या हाती देऊन मी गेलो.

परत आलो तर कमलची मान सुजलेली. बोट दाबलं की कातडीखाली मुरमुरे चुरल्यासारखं लागत होतं. नळीत गुलाबी फेस. म्हणजे जास्त हवेनं फुप्फुस ताणून फाटलं होतं. असं ताणलेलं फुप्फुस काही प्रथिनं रक्तात सोडतं, त्यावरून इजा आधीच ओळखता येईल का, हे आता शोधतात. तेव्हा फाटल्यावर बोटालाच कळायचं. छातीत सुया घातल्या, हवा काढली. दोन्ही बाजू गेल्या होत्या. दिवस मावळायच्या आत कमल गेली.

"मण्यार फार विषारी," मी बाहेर येऊन सांगितलं. सगळ्यांना तेच बरं, असं मला वाटलं.

गजानन नामदेवकडे वळला. "सुरुवातीपासून जोर लावला असता तं वाचली असती. तुम्ही मारली तिले."

नामदेव खाली मान घालून उभा. माझं डोकं फिरलं.

"तो बरोबर दाबत होता," मी म्हणालो. "ती सुधारत होती. फुप्फुस जास्त जोरानं फाटलं."

गजानन भिंतीला टेकून खाली बसला.

नामदेवनं मला बाजूला घेतलं. "कायले सांगतलं, साहेब? माह्यावर आलं होतं, राहू द्यायचं होतं. आता तो जगन कसा?"

पुढे कित्येक डॉक्टरांना मी छाती किती उचलायची ते शिकवलं. घरच्यांना किती सांगायचं, ते कोणी विचारलं की मी विषय बदलतो.