चष्मेवाल्यांनी फिरवलेला निर्णय

रग्बीच्या पंचाला मैदानावर सर्वांत जास्त वेळा ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे "डोळे तपासून घ्या!" आठवडाभर चष्म्याचं दुकान आणि शनिवारी पंचगिरी करणाऱ्या चष्मेवाल्यांच्या वाट्याला ते कधी आलं नाही. निम्मे प्रेक्षक त्यांनीच काढून दिलेल्या नंबरातून सामना बघत. ओरडणार कोणत्या तोंडाने?

म्हणून लोकांनी दुसरी खोडी शोधली होती. या खेळाचे नियम सारखे बदलतात, आणि चष्मेवाल्यांच्या डोक्यात ते गाळासारखे थरावर थर साचले होते. धावून दम लागला की कोणता थर वर येईल याचा नेम नसे. नाणेफेकीलाच खेळाडू विचारत, "काका, आज कुठल्या सालचे नियम?"

या हंगामात मात्र थट्टा अंगाशी आली. एकच रद्द झालेला नियम त्यांनी पुन्हा पुन्हा लावला. पंच मंडळाचे अध्यक्ष दुकानात आले आणि आरशात स्वतःकडे बघत म्हणाले, "शनिवारी निरीक्षक बाई येताहेत. परत तेच झालं तर शिट्टी खुंटीला टांगायची. वाईट वाटून घेऊ नका. ही काडी जरा ढिली आहे का हो?"

चष्मेवाल्यांनी काडी आवळून दिली, पण स्क्रू दोनदा हातातून पडला. आठवडाभर "आता अंधुक", "आता बरं" असं लोकांचं ऐकायचं आणि शनिवारी तेवढं लोकांनी आपलं ऐकायचं, एवढंच तर त्यांचं सुख होतं.

बायकोने शिकवणी घ्यायचं ठरवलं. जेवणाचं टेबल मैदान झालं, घडी केलेला टॉवेल गोलरेषा आणि साखरेचा डबा चेंडू.

"हं. हल्ला करणारा चेंडू घेऊन रेषेच्या आत पडला. पण बचाववाल्यांनी चेंडूखाली हात घातले, जमिनीला टेकू दिला नाही, म्हणजे गुण हुकले. काय द्याल?"

"स्क्रम. पाच मीटरवर. दोन्हीकडचे आठ-आठ जण डोकी घालून रेटणार, चेंडू हल्ला करणाऱ्यांचा."

"झालं! अहो, ते जुनं. आता बचाववाले आपल्या रेषेवरून किक मारून चेंडू लांब धाडणार."

"पण का?"

"रेषेपाशी नुसती ढकलाढकली चालायची, खेळ तिथेच रुतायचा. पूर्वी धडपडल्याचं बक्षीस होतं, आता अडवल्याचं आहे. दगडालासुद्धा एव्हाना कळलं असतं!"

चष्मेवाल्यांनी घोकायला घेतलं. दाढी करताना घोकलं, भिंगं घासताना घोकलं. एका आजोबांना "शेवटची ओळ वाचा" म्हणायच्या जागी "रेषेवरून किक" म्हणाले, आणि आजोबा बिचारे तक्त्यावर ती अक्षरं शोधत बसले.

शनिवारी निरीक्षक बाई खुर्ची टाकून बसल्या, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता. बायको शेजारणीला घेऊन कठड्याशी उभी होती. सामना संपत आला, निळे दोन गुणांनी पुढे, आणि लालवाले एकदम रेषेवर कोसळले. त्यांच्यावर निळे, निळ्यांवर पुन्हा लाल. ढिगात बुटांशिवाय काही दिसेना. चष्मेवाल्यांनी शिट्टी फुंकली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "टेकला नाही! रेषेवरून किक!"

बायकोने शेजारणीच्या दंडाला चिमटा काढला. "बघितलंत? मी शिकवलंय."

ढीग उकलला. तळाशी चेंडू जमिनीवर होता, आणि त्याच्यावर लाल बाहीचा एक हात, निळ्या बाहीचे दोन.

लालांचा कर्णधार हळूच म्हणाला, "काका, टेकला होता. तुम्ही पाहिलंत ना?"

चष्मेवाल्यांना एक ट्रकवाला आठवला. परवाना जाईल या भीतीने तो अख्खा तक्ता पाठ करून आला होता. त्यांनी तक्ता बदलला, तरी गड्याने शेवटची ओळ तीच म्हटली, घडाघडा. त्याला किती झापलं होतं! आज आपण निराळं काय केलं? रेषा दिसली, ढीग दिसला, आणि पाठ केलेलं तोंडातून निघून गेलं. चेंडू दिसलाच नव्हता.

त्यांनी दोन्ही सहायक पंचांना विचारलं. त्यांनाही दिसला नव्हता. आणि चेंडू आधी कोणी टेकवला हेच कळत नसेल, तर त्यासाठीचं कलम होतं, आणि इतक्या बदलांतही ते जसंच्या तसं राहिलं होतं: पाच मीटरवर स्क्रम, चेंडू हल्ला करणाऱ्यांचा. म्हणजे दिसायला हुबेहूब ती जुनी चूक, तीही निरीक्षक बाईंच्या नाकासमोर. गप्प राहिलं तर शिट्टी शाबूत होती.

त्यांनी पुन्हा शिट्टी फुंकली. "मला दिसलं नाही. किक रद्द. स्क्रम, चेंडू लालचा."

"गेले! काका गेल्या सालात गेले!" कठड्यावर हशा उसळला. बायको शेजारणीला म्हणाली, "माझा ह्यांच्याशी काही संबंध नाही."

लालांनी त्या स्क्रममध्ये चेंडू गमावला आणि सामनाही. निरीक्षक बाई उठून थेट चष्मेवाल्यांपाशी आल्या.

"किक कशावरून दिलीत?"

"घोकून आलो होतो."

"आणि स्क्रम?"

"चेंडू कोणी टेकवला ते दिसलं नव्हतं."

बाई म्हणाल्या, "स्क्रम बरोबर होता. किकबद्दल अध्यक्षांना सांगावं लागेल, आणि शिट्टी तुमच्याकडेच राहू द्या हेही सांगेन. पण ते पाठांतर बंद करा."

बायको धापा टाकत आली. "काय म्हणाल्या?"

"शिट्टी राहिली. पाठांतर बंद करा म्हणाल्या."

"मग! मी पहिल्यापासून तेच सांगत होते," ती म्हणाली, आणि संबंध पुन्हा जुळल्याचं शेजारणीला कळवायला लगबगीने कठड्याकडे निघाली.