करवंटीतली फुलं

स्वदेशीची पत्रकं वाटायला मी रोज मांडवी बंदरावर जाई आणि रोज तो म्हातारा खलाशी माझं डोकं फिरवी. जपानच्या फेऱ्या करून आलेला हा गृहस्थ करवंटीत वाळू भरी, तीत सुरूची डहाळी, जास्वंदीची फांदी आणि गवताची काडी खोवी आणि तासभर बघत बसे. तिकडे म्हणे बुद्धाला फुलं वाहता वाहता ही विद्या निघाली.

"देश पेटलाय आणि तुम्ही परदेशी थेरं करताय!" मी एकदा गरजलोच.

"फुलां हितलीच हायत, मास्तर. कापायची अक्कल तेवडी तिकडची. तुमचा कागद वाचा बगू."

बोटीचे उतारू माझी पत्रकं न वाचताच समुद्रात सोडत. ऐकायला मागणारा हा पहिलाच. मी आवेशात वाचलं. माझ्या दर धिक्कारागणिक तो जास्वंदीचं एक पान खुडत गेला. पत्रक संपलं तेव्हा फांदीवर नुसतं फूल उरलं होतं.

"आता दिसतंय," तो म्हणाला.

पुढचं पत्रक मी तीन ओळींचं केलं. एका उतारूने ते वाचून, घडी घालून खिशात ठेवलं. मी ऐटीत म्हाताऱ्याला ते वाचून दाखवलं. त्याने मान तिरकी करून ऐकलं.

"ब्येस! अजून येक पान जास्त हाय."