शलोमोकाकाचा दहावा माणूस

बागेतला पाला झाडावा आणि मागे वळून बघावं, तर पुन्हा तेवढाच पडलेला! आमच्या डॉमनिक मास्तरांच्या ओट्यावरचे किस्सेही तसेच साचत गेले.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. अंधेरीच्या गावठाणात मास्तर दर गुरुवारी बायबल वाचायचे. मी आरे कॉलनीतला माळी, शाळा पाहिली ती कुंपणावरून. म्हणून ऐकायला बसायचो. संपात गिरणी सुटलेला सावंत चहासाठी यायचा. आणि शेजारचा शलोमोकाका, अलिबागकडचा यहुदी, यायचा मास्तरांच्या चुका काढायला!

काकाला एकच घोर. बायको जाऊन वर्ष भरत आलेलं. वर्षाच्या प्रार्थनेला दहा यहुदी पुरुष लागतात, आणि त्याची माणसं तर एकेक करून इस्रायलला चाललेली.

*

मास्तर म्हणाले, "देवाने आधी यहुद्यांना निवडलं."

सावंत म्हणाला, "मग शलोमो, रेशनला तुला पुढे का नाय सोडत?"

"निवडलंय रे, पण रांगेत उभं राहायला!"

*

एकदा मास्तरांनी वाचलं, विदेशी, म्हणजे यहुदी नसलेले लोक, ही रानटी जैतुनाची फांदी. देवाने ती चांगल्या झाडावर कलम केली.

मी कधी बोलत नाही, पण राहवेना. "मास्तर, उलटं झालं हो! खुंट रानटी घ्यायचा, फांदी चांगली. मी असं केलं तर साहेब घरी बसवेल!"

मास्तर हसले. "हे लिहिणारा पौलही तेच सांगतो, हे रीत सोडून केलंय. म्हणून तर ती दया!"

काका म्हणाला, "म्हणजे खुंट मी. भार मी उचलायचा, आंबे तुम्ही खायचे!"

*

शनिवार यहुद्यांच्या विसाव्याचा, म्हणून काका विस्तव पेटवत नसे. त्याचा स्टोव्ह मी पेटवायचो.

सावंतने विचारलं, "देवाला तुम्हीच हवे होतात, तर आम्हाला कशाला केलं?"

"शनिवारचा चहा कोण करणार?"

*

"देवाची दया सगळ्यांवर," मास्तर म्हणाले.

"आमच्या घरमालकावर पण?" सावंतने विचारलं.

मास्तरांनी बराच वेळ पानं उलटली. "ते पुढच्या गुरुवारी बघू."

*

प्रार्थनेच्या दिवशी काका धरून नऊच जण जमले. मुलुंडचा दहावा तापाने पडलेला. मी जोगेश्वरीला दोन घरी निरोप ठेवून आलो होतो, पण कोणाचा पत्ता नाही. ऊन उतरायला लागलं. आम्ही तिघे काकाच्या ओट्यावर बसलेलो. काका सारखा दाराशी येऊन रस्ता बघायचा.

सावंत हळूच म्हणाला, "मास्तर, तुमचा येशू यहुदीच ना? मोजा की त्याला!"

"सावंत!" मास्तर ओरडले.

पण काकाने ऐकलं होतं. वर्षात पहिल्यांदा तो खदखदून हसला. "खरंच की रे! येऊ दे त्याला. पण डोकं झाकून!"

तेवढ्यात फाटक वाजलं. एक किडकिडीत तरुण. खांद्यापर्यंत केस, दाढी, हातात करवतीची पिशवी.

"निरोप मिळाला," तो म्हणाला. "मी सुतार. कामावरून तसाच आलो. डोक्याला काही नाही, कुणाची टोपी मिळेल?"

मास्तर ताडकन उभे राहिले. सावंतने आपली टोपी काढली आणि त्याला दिली. दोन्ही हातांनी.