शनिवारचा पंखा

दर शनिवारी सकाळी मी परळच्या बाजाराला निघाले की ज्यूंच्या सिनेगॉगच्या फाटकात उभे असलेले एक म्हातारे गृहस्थ मला अडवतात. डोक्यावर गोल टोपी, मानेवरचा घाम पुसणारा हात आणि ठरलेलं वाक्य, "आत फार उकडतंय हो, ताई."

शनिवार हा त्यांचा धर्माने पाळायचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी त्यांना विजेचं बटण दाबायचं नसतं आणि दुसऱ्याला दाबा असंही सांगायचं नसतं. म्हणून हे आडवळण. एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, सरळ पंखा लावा म्हणा ना!"

"तेच तर म्हणता येत नाही. पण आत या ना, बसा जरा. आम्ही पुरुष जेमतेम दहा जमतो. उकाड्याने एक जरी उठून गेला, तरी पूर्ण प्रार्थना होत नाही."

बसायला वेळ कुणाला? मी पंखा लावून बाजारात पळाले.

गेल्या शनिवारी फाटकात कुणीच नव्हतं. सुटले म्हणत पुढे गेले आणि चरफडत परत आले. आत प्रार्थना चालू होती. त्या दिवशी दहावे काकाच होते, त्यांना बाहेर येणं शक्यच नव्हतं. मी आपणहून पंखा लावला. आभार राहिले बाजूला, काका एकटक दुसऱ्या पंख्याच्या बटणाकडे बघत होते.