निळ्या हातात हिरवा चुडा

पुण्याला माझ्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली आणि बदनामी झाली ती आमच्या ह्यांची. मी पासलीला परतले तशी गावात कुजबुज सुरू झाली, की हा माणूस बायकोला मारतो. ज्यांनी कधी बैलावर धड चाबूक उगारला नाही, त्यांच्याबद्दल.

कारण माझे हात. रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या रोज घ्यायच्या होत्या. हंडा जरा दंडाला टेकला, की काळानिळा डाग. डॉक्टरांनी बजावलं होतं, असे डाग पडतील, घाबरू नका. पण वर्षभर गोळी एक दिवसही चुकवायची नाही, नाहीतर स्प्रिंगमध्ये गुठळी होऊन जिवावर बेतेल. मी हे ज्याला त्याला सांगायची. बायका मान हलवायच्या आणि पुन्हा दंडाकडंच बघायच्या.

त्यात मुलीचं लग्न निघालं. माझी धाकटी नणंद आधीच येऊन बसली आणि तिनं फर्मान काढलं: लग्न होईस्तोवर गोळ्या बंद. डाग जातील, पाहुण्यांत भावाची अब्रू राहील. वर लांब बाह्यांचं पोलकं शिवून घ्यायचं. मला हसू आलं आणि संतापही. अब्रू ह्यांची, हात माझे, आणि मरायचं कुणी? पोलकं मी शिवलं नाही.

बांगड्या भरायच्या दिवशी सकाळी डबा उघडला, तर गोळ्या गायब. घर पालथं घातलं. मग ह्यांच्याकडं नजर गेली. हे मांडवाच्या दोऱ्या आवळण्यात नको तेवढे गुंग होते. ह्यांना लबाडी जमत नाही, चेहरा लगेच सांगतो. विचारल्यावर म्हणाले, "चार दिसांनी काय व्हतंय? लोकं माझ्याकडं कशी बघत्यात, तुला ठावं न्हाई." डोळे भरले होते त्यांचे. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मी विरघळले नाही.

तेवढ्यात वेल्ह्याहून कासारीण आली. ओटीवर टोपली उतरवून बसली, भोवती साऱ्या बायका. तिनं माझा हात धरला, डाग बघितले आणि ह्यांच्याकडं असं काही बघितलं, की ह्यांनी मान खाली घातली. नणंद हळूच म्हणाली, आजच्यापुरता पदर ओढून घ्या. मी पदर कमरेला खोचला आणि दोन्ही हात सगळ्यांसमोर धरले.

"सवाष्ण मेली तरी तिला हिरवा चुडा भरत्यात," मी ह्यांना म्हणाले. "मला त्यो जित्तेपणी भरायचाय. गोळ्या काढा."

ह्यांनी सदऱ्याच्या खिशातून पाकिटं काढली आणि स्वतःच पाण्याचा तांब्या आणला. मी गोळ्या घेतल्या आणि कासारणीला म्हणाले, आता भर, डागांची काळजी करू नकोस. तिनं कितीही जपून दाबलं, तरी संध्याकाळपर्यंत दोन्ही मनगटं निळी झाली.

लग्नात मी आखूड बाह्यांचंच पोलकं घातलं. ओटी भरताना विहीणबाईंची नजर माझ्या हातांवरून हलेना. मी तोंड उघडणार, तोच हे पुढं झाले.

"गोळ्यांचं डाग हायती," ते म्हणाले. "जित्ती हाय म्हणून पडत्यात."