साइटच्या नोंदीतला माझा पत्ता

शनिवारी दुपारी बेल वाजली तेव्हा मी कणीक मळत होते. दारात एक अनोळखी मराठी माणूस, हातात प्रिंटआउट.

"ती बायकांची वेबसाइट तुमचीच ना?"

"हो. आपण?"

"ती वाचून माझी बायको घर सोडून गेली. कुठे आहे ती?"

नवऱ्याच्या व्हिसावर इथे अमेरिकेत आलेल्या बायकांसाठी मी मराठीत लिहीत असे. पासपोर्ट स्वतःजवळ कसा ठेवायचा, हात उचलला तर फोन कुणाला करायचा. त्यातली ही कोण, मला खरंच ठाऊक नव्हतं.

"माहीत नाही. माहीत असतं तरी सांगितलं नसतं."

"साइट बंद करा. तुमचं घर आता मला माहितीये."

मी कणकेच्या हातानेच त्याचा फोटो काढला. "आणि मला तुमचा चेहरा."

तो कागद टाकून गेला. दार लावून मी तो उचलला. कागदावर माझं नाव, फ्रीमाँटमधल्या आमच्या टाउनहाउसचा नंबर, माझा मोबाइल. साइटचं नाव विकत घेताना मी भरलेला फॉर्म जसाच्या तसा! ती नोंद जगात कुणालाही उघडून बघता येते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

पोलिसांत तक्रार दिली. नवरा म्हणाला, "बंद कर यार ते. घरात मुलगी आहे."

मुलगी जिन्यात उभी होती. "बट आईने रॉंग काय केलंय?"

तो उठून दाराचं कुलूप पुन्हा तपासून आला.

सोमवारी मी साइटचं नाव विकणाऱ्या कंपनीला फोन केला. माझ्या साइटचं नाव ".us"ने संपत होतं, आणि तसल्या नावांच्या मालकाचा पत्ता लपवायला परवानगीच नाही म्हणे.

"मग खोटा पत्ता घालू?"

"तसं केलंत तर नाव रद्द होऊ शकतं, मॅडम."

म्हणजे खरा पत्ता द्यायचा तर घर उघडं टाकूनच. मी ते नाव सोडलं. पत्ता झाकता येईल असं दुसरं घेतलं आणि आठवडाभरात सगळी पानं तिकडे हलवली. जुन्या नोंदीच्या नकला ठेवणाऱ्या साइट्सना एकेक पत्र लिहिलं. दोन साइट्सनी माझी माहिती काढून टाकली. बाकीच्यांना मी दर महिन्याला पुन्हा लिहिते.

तो माणूस परत आला नाही. त्याच्या बायकोचं काय झालं, मला कळलं नाही. नव्या साइटवर मी एक पान वाढवलं: कुणी दारात येऊन धमकावलं तर काय करायचं. नवऱ्याने ते वाचलं, शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या आणि म्हणाला, "आता टाक."