आमचे व्याही आणि मुका स्पीकर

म्हातारपणी माणसाला धक्के बसतात ते प्रकृतीचे, असा सर्वसाधारण समज आहे. मला निवृत्तीनंतर बसलेले सगळे धक्के एकट्या माणसाने दिले, आणि तो माणूस म्हणजे आमचे खरवईचे व्याही. बदलापूरपासून उल्हासनगरपर्यंतच्या टापूत त्यांच्यासारखा दुसरा माणूस झाला नाही, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो. ते करण्याची वेळ आली ती माझ्या मेहुण्यामुळे. हा गृहस्थ कल्याणला राहतो, आणि कोणत्याही साखरपुड्यात किंवा बारशात चार माणसे जमली की व्याह्यांच्या कथा हातवारे करून सांगतो. ऐकणारे हसतात, मान डोलावतात आणि घरी जाऊन आणखी मीठमसाला लावून सांगतात. त्या कथांतली मुख्य घटना घडली तेव्हा मेहुणा आमच्या घरात नव्हता. मी होतो. तेव्हा जे खरे आहे ते एकदा लिहून ठेवणे मला भाग आहे.

मी अंबरनाथच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. व्याही तिथल्याच एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात देखभाल खात्याचे फोरमन होते. त्यांची एकुलती एक मुलगी माझी सून. लग्नानंतर मुलगा आणि सून बहारीनला गेली. मुलाने जाण्यापूर्वी उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराकडून संगणक जोडून घेतला, तो आमच्या बैठकीच्या खोलीत टेबलावर ठेवला, आणि इंटरनेटवरून आवाजाने गप्पा कशा मारायच्या हे आम्हाला दाखवून दिले. बहारीनला शुक्रवारची सुटी, म्हणून दर शुक्रवारी संध्याकाळी व्याही बदलापूरजवळच्या खरवईहून रिक्षाने आमच्याकडे येत. विहीणबाई मुलीच्या लग्नाआधीच वारल्या होत्या. घरात ते एकटे. आठवडाभर ते या संध्याकाळची वाट पाहत असावेत, असा आमचा तर्क होता. तर्क म्हणतो, कारण त्यांनी तसे कधीच कबूल केले नाही. ते यायचे, खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढायचे आणि म्हणायचे, "सर, मशिन काय म्हणतं?"

पहिला धक्का मला त्या स्क्रू-ड्रायव्हरनेच दिला. सुनेचा आवाज तुटक येतो, अशी मी तक्रार केली. त्याबरोबर व्याह्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचे टोक संगणकाच्या पेटीवर टेकवले, मुठीला कान लावला आणि डोळे मिटून घेतले. मी इतकी वर्षे शाळा चालवली, पण भर सभ्य वस्तीत एका सुजाण माणसाने संगणकाची नाडी पाहिलेली मी पाहिली नव्हती.

"पंख्याचं बेअरिंग बोलतंय," ते डोळे न उघडता म्हणाले. "अजून वर्षभर खेचेल."

"अहो, पण आवाज पोरीचा तुटतो आहे. पंख्याचे काय?"

"सर, मशिनला कधी एकच दुखणं नसतं."

दुकानदाराला मी फोन लावला, तेव्हा तो बिचारा शांतपणे म्हणाला, "सर, पहले पीछे गुलाबी पिन देखो. गुलाबी मतलब माइक, हरा मतलब स्पीकर." हा सल्ला व्याह्यांना स्वतःचा अपमान वाटला. "रंग बघून वायर जोडायची तर माणसानं शिकायचं कशाला? त्यापेक्षा होळी खेळावी," असे म्हणून त्यांनी दोन्ही पिना उपटल्या, धोतराच्या सोग्याने पुसल्या आणि पुन्हा लावल्या. आवाज स्वच्छ आला, हे नमूद करायला मला आनंद होत नाही.

पुढे सुनेने वेगळी तक्रार केली. ती बोलली की तिचेच शब्द फिरून तिच्या कानावर पडत. व्याह्यांनी विचार केला, टेबलाभोवती फेऱ्या मारल्या आणि निदान सांगितले: स्पीकरमधून निघालेला आवाज माइकमध्ये शिरतो आहे, सबब या दोघांना एका खोलीत नांदू देता कामा नये. मी भाजी घेऊन परतलो तेव्हा स्पीकर लांबलचक वायरीच्या आधाराने स्वयंपाकघरात, ओट्यावर, मसाल्याच्या डब्याशेजारी विराजमान झाले होते. व्याही बैठकीत माइकपुढे बसून प्रश्न विचारत होते, उत्तर स्वयंपाकघरात उमटत होते, आणि माझी पत्नी कढी ढवळत ते बाहेर पोहोचवत होती.

"बाय, जेवलीस का?" व्याही.

"जेवली म्हणते. मुगाची खिचडी," आतून पत्नी.

"मुगाची का? पोट बिघडलंय का?"

"पोट बरं आहे म्हणते, भाऊ. आणि माझी कढी गेली उतू."

आमचा मेहुणा हा प्रसंग असा सांगतो की आमच्या घरात बायकांना बैठकीत यायची परवानगी नव्हती म्हणून ही व्यवस्था होती. हे धादांत खोटे आहे. ती निखळ तांत्रिक व्यवस्था होती, ती यशस्वी झाली होती, आणि कढीनंतर पत्नीने बजावल्यामुळेच स्पीकर बैठकीत परत आले.

मला खरोखर चकित करीत असे ती गोष्ट वेगळीच होती. एवढा खटाटोप करून मुलीचा आवाज मिळाला की हा माणूस तिच्याशी काय बोले? तर आवाजाविषयीच बोले. "बाबा, तुम्ही कसे आहात?" असे तिने विचारले की ते सांगत, "मी बरा. तू माइकला एवढी चिकटून बोलू नको, आवाज फाटतो." तिने म्हणावे, "बाबा, आज आईची आठवण आली," आणि यांनी म्हणावे, "आता घरघर कमी झाली का?" पत्नी कपाळाला हात लावी. मी एकदा त्यांना रिक्षापर्यंत सोडताना चांगले सुनावले. ते म्हणाले, "सर, लाइन क्लिअर असली म्हणजे झालं. बोलायचं काय, ते होतंच." ते कधी होत नसे.

त्यांची आणखी एक सवय इथे सांगायला हवी. कारखान्यात त्यांनी जन्मभर एक नियम पाळला होता. यंत्राला हात लावणाऱ्या माणसाने आधी त्याचा फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे दुसरा कोणी भलत्या वेळी यंत्र सुरू करणार नाही. हा नियम एकाने मोडला होता आणि व्याह्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याचा हात मनगटापासून गेला होता. "मी तिथंच होतो, सर," एवढेच ते सांगत, पुढे बोलत नसत. म्हणून नियम मी हसण्यावारी नेणार नाही. परंतु तो त्यांनी घरातही लावला होता. मिक्सर असो, इस्त्री असो, हात लावण्याआधी त्याची वीज तोडणारा काहीतरी तुकडा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात जाई, आणि पुष्कळदा तिथेच राही. आमचा नळपंप दुरुस्त करून ते फ्यूजसकट खरवईला निघून गेले, तेव्हा सबंध बिल्डिंग पाण्यावाचून राहिली आणि सेक्रेटरींनी मला भर जिन्यात जाब विचारला.

आता ती संध्याकाळ. सुनेला दिवस गेले होते. पहिले बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. पण माहेरी बाईमाणूस नाही. विमानकंपनी दिवस भरत आल्यावर प्रवासाला घेत नाही, त्यामुळे येणार की नाही याचा निर्णय त्याच शुक्रवारी व्हायचा होता. माझे मत मी लपवले नव्हते. बिनबायकांच्या घरात बाळंतपण होत नसते. तिने तिकडेच राहावे. व्याहीही दर खेपेला तिला हेच सांगत. "तिकडची हॉस्पिटलं भारी. इकडं काय ठेवलंय?" यावर ती गप्प होई. पत्नीचे म्हणणे असे की पोर आतून खचली आहे, बापाला आपण नको आहोत असे तिने मनाशी धरले आहे.

व्याही त्या दिवशी लवकर आले. स्पीकर करकरतो म्हणून त्यांनी तो उघडला, साफ केला, पुन्हा जोडला. मुलगा कामावर होता, म्हणून सून एकटीच संगणकावर आली. पडद्यावर तिचे नाव उजळले. व्याही माइकमध्ये बोलले. स्पीकर मुका. ते मोठ्याने बोलले. स्पीकर मुकाच. त्यांनी गुलाबी पिन काढली, फुंकली, लावली. संगणक बंद करून चालू केला, पुन्हा संपर्क साधला. नाव उजळले, आवाज नाही. आमच्या प्रत्येक शब्दाबरोबर पडद्यावर एक हिरवी पट्टी वरखाली होत होती, ती मी त्यांना दाखवली.

"तिच्यावर भरवसा नाय ठेवायचा," ते म्हणाले. "कारखान्यातली मीटरं पण तपासणीच्या दिवशी बरोबर दाखवायची. माइक मेलाय, सर. तिला काय ऐकू जात नाय, म्हणून ती गप्प."

ते खुर्चीत टेकले. माझा संयम सुटला. मी म्हणालो, आणि जे म्हणालो त्यातला शब्दही मी नाकारत नाही, "बरे झाले. नाहीतरी ती इकडे यायला तुम्हाला नकोच आहे. यंत्राने तुमची अडचण सोडवली."

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिले. आवाज चढवला नाही.

"नको? सर, मागच्या खोलीला चुना लावून झाला. कपडे बदलायला आडोसा केला, पाणी तापवायला चूल मांडली. शेजारच्या आजी सुईणपण करायच्या, त्यांच्याकडं रोज जातो. लाडू शिकलो डिंकाचे. पहिले दगड झाले, आता बरे होतात."

पत्नी आतून हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

"तान्ह्याला आंघोळ घालायला शिकलो," ते सांगत होते. "पाय लांब करून बसायचं, त्यावर पालथं घ्यायचं. आजी म्हणाल्या, पोर कुठंय शिकायला? मग तांदळाची पिशवी घेतली पायांवर. मान धरायची म्हणून पिशवीचं तोंड धरलं. पाणी घातलं. तांदूळ सगळे भिजले, दुसऱ्या दिवशी वाटून घावन केले."

"भाऊ, मग तिला ये का नाही म्हणालात?" पत्नीने विचारले.

"कुठल्या तोंडानं म्हणू, वहिनी? आई असती तर आईनं हट्ट केला असता. बापानं बोलवलं आणि पोर म्हणाली, बाबा, तुम्हाला नाय जमायचं, तर मग मी काय करायचं? त्यापेक्षा तिकडंच बरं."

तेवढ्यात घरचा फोन वाजला. पत्नीने उचलला, ऐकत राहिली, आणि माझ्याकडे न बघता थेट व्याह्यांकडे बघून म्हणाली, "भाऊ, तुमची लेक आहे. म्हणते, बाबांचा खिसा बघा."

व्याह्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. आतून स्पीकरचा अडॅप्टर निघाला, विजेच्या सॉकेटमध्ये लावायचा तो काळा ठोकळा. माइक पहिल्यापासून ठणठणीत होता. सुनेला सगळे ऐकू गेले होते: माझे बोलणे, चुना, चूल, लाडू, सगळे. ती आधी तिकडून ओरडली होती, मग 'ऐकू येतंय' असे लिहून पाठवायला बसली होती, आणि मग तिने हात आवरला होता. नंतर तिने पत्नीला कारण सांगितले: लिहिले असते तर बाबा बोलायचे थांबले असते.

मेहुण्याची सगळ्यात लाडकी आवृत्ती इथे येते. त्याच्या मते व्याही पक्के धूर्त. तोंडावर बोलता येईना म्हणून त्यांनी मुद्दाम अडॅप्टर खिशात ठेवून हे नाटक रचले. ऐकणारे टाळ्या देतात. मी त्या माणसापासून हातभर अंतरावर उभा होतो. अडॅप्टर हातात आल्यावर त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. ज्या हातांनी कारखान्यातली अवाढव्य यंत्रे उघडली, त्या हातांना तो ठोकळा सॉकेटमध्ये बसवता येईना. अखेर मी बसवला.

स्पीकर करकरला. मग सुनेचा आवाज आला, नाकातून, रडून झाल्यावर येतो तसा.

"बाबा, घावन कसे झाले होते?"

व्याह्यांनी माइक जवळ ओढला.

"मीठ कमी पडलं," ते म्हणाले.

"मी येते. आजींना सांगून ठेवा."

"ये," व्याही म्हणाले. आवाज कसा येतो, हे त्यांनी त्या दिवशी विचारले नाही.

ती आली. बदलापूरच्या इस्पितळात तिला मुलगी झाली आणि बाळबाळंतीण खरवईच्या त्या चुना लावलेल्या खोलीत गेली. माझी पत्नी तिथे राहायला गेली, आणि एकटा पडल्यामुळे मीही रोज जाऊ लागलो. आंघोळ सुईण आजीच घालायच्या, व्याही नुसते पाणी काढून देत, असे मेहुणा सांगतो. मी स्वतः पाहिले आहे. व्याही धोतर खोचून, पाय लांब करून पाटावर बसले होते, पायांवर माझी नात पालथी पडून खणखणीत ओरडत होती, आणि तिची मान धरलेला तो राकट पंजा तसूभर हलत नव्हता. आजी बाजूला भिंतीला टेकून सुपारी कातरत होत्या. बिनबायकांच्या घरात बाळंतपण होत नसते, हे माझे मत चुकले असे मी म्हणणार नाही. सर्वसाधारण नियम म्हणून माझे मत आजही बरोबर आहे. व्याही त्या नियमात बसत नव्हते, एवढेच.

मग मुलगा येऊन दोघींना घेऊन गेला. त्यानंतर व्याही दोन-तीन शुक्रवार आमच्याकडे फिरकले नाहीत, म्हणून मी खरवईला गेलो. अंगणातल्या दोरीवर लंगोट, झबली आणि दुपटी वाळत होती. काढायची राहून गेली, म्हातारा विसरला, असे शेजारीपाजारी म्हणत होते. मी तेही खोडून काढतो. सगळे कपडे कोरडे ठाक होते आणि कशावरही धुळीचा कण नव्हता. दव पडायच्या आधी व्याही ते रोज आत घेत आणि सकाळी पुन्हा बाहेर घालत.

मी गेलो तेव्हा ऊन उतरले होते. व्याही दोरीपाशी उभे होते. त्यांनी 'या' म्हटले नाही, बसायला सांगितले नाही. एका दुपट्याचे टोक त्यांनी माझ्या हातात दिले, दुसरे स्वतः धरले, आणि आम्ही दोघांनी मिळून त्याची घडी केली.